कुंडी केवढी आणि खत किती: गच्चीवरच्या जिवंत मातीचा अनुभव

गच्चीवर भाजी लावायची म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न खताचा असतो. कोणतं, किती, कधी. मी मात्र आधी उलट विचारते, कुंडीत माती किती लिटर आहे? माती जिवंत ठेवायची असेल, म्हणजे तिच्यातल्या जीवाणूंनी, बुरशांनी आणि गांडुळांनीच झाडाला जेवण पुरवावं असं वाटत असेल, तर कुंडीचा आकार ठरतो तेव्हाच खताचं निम्मं वेळापत्रक ठरून जातं. दहा लिटर मातीला हे काम पेलत नाही, सत्तर-ऐंशी लिटरला पेलतं. या दोन टोकांच्या मधे काय काय होतं ते पुण्यातल्या धायरीच्या आमच्या गच्चीवर मी काही वर्षं जवळून बघते आहे.

सुरुवात वजनापासून झाली, आणि माझ्या मते प्रत्येकाची तिथूनच व्हावी. इमारतीचं काम पाहिलेल्या इंजिनिअरना गाठून मी विचारलं, "किती कुंड्या ठेवू?" ते म्हणाले, "मॅडम, कुंड्या मोजू नका, ओली माती मोजा." आयएस ८७५ या भारतीय मानकात, जिथे माणसांची ये-जा आहे अशा सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरलेला असतो. माझ्यासारखं हलकं मिश्रण पूर्ण भिजल्यावर लिटरला किलोभर भरतं. हिशोब केला तर सबंध गच्चीवर सहा इंचांचा थर पसरला, तरी १५० किलो झाले. नुसती शेतातली माती असेल तर याच्याही बरीच वर. त्यामुळे मोठ्या कुंड्या हव्यात हे खरं, पण त्या गच्चीभर नकोत. इंजिनिअरनी तुळया कुठून जातात ते खडूने आखून दिलं. त्या रेघांवर आणि कडेच्या भिंतींलगत जड कुंड्या, मधली जागा चालण्यासाठी मोकळी, हे तेव्हाच पक्कं झालं. प्रत्येक कुंडीखाली चार विटा ठेवल्या. खालून हवा खेळते, पाणी साचत नाही आणि स्लॅबला ओल धरते आहे का तेही वाकून बघता येतं. ज्यांना गच्चीबद्दल शंका आहे त्यांनी रोपं आणण्याआधी इंजिनिअरला विचारावं. हा खर्च वाया जात नाही.

मग आकार. बाजारात ग्रो बॅग, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, इंचांत मिळतात: १२ बाय १२, १५ बाय १५, १८ बाय १८, २४ बाय १२. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा उंचीचा. इंच ऐकले की फरक किरकोळ वाटतो, पण लिटरमध्ये मांडला की डोळे उघडतात. काठोकाठ भरली तर १२ बाय १२ च्या बॅगेत सुमारे २२ लिटर बसतात, १५ बाय १५ मध्ये ४३, १८ बाय १८ मध्ये ७५ आणि २४ बाय १२ मध्ये ८९. बारावरून अठरावर गेलं की माती सव्वातीनपटीहून जास्त होते. विक्रेत्यांनी पिशवीवर लिटरच छापावेत असं मला मनापासून वाटतं.

माझी निवड शेवटच्या दोन आकारांत अडकली होती. वरचे दोन इंच आच्छादनाला, म्हणजे वर पसरायच्या पाल्यापाचोळ्याला, मोकळे सोडले, तर १८ बाय १८ मध्ये ६७ लिटर मिश्रण राहतं आणि २४ बाय १२ मध्ये ७४. माती जवळपास सारखीच. पण उंच बॅगेखाली मातीचा थर १६ इंचांचा, म्हणजे तिच्या बुडाखालच्या जागेवर चौरस मीटरला ४०० किलोंचा भार. पसरट बॅगेत थर १० इंचांचा आणि भार २५०. गच्चीच्या दृष्टीने पसरट बॅग सरळसरळ बरी. मुळांच्या दृष्टीनेही आडवा विस्तार भाज्यांना चालतो. वांगं-मिरचीची खाणारी मुळं वरच्या सात-आठ इंचांतच जास्त असतात, आणि मातीतली हवा व जीव यांची गजबजही तिथेच. पृष्ठभाग रुंद असला की वरून खत घालायला आणि आच्छादन पसरायला जागा मिळते, हे त्यातलं सगळ्यात उपयोगाचं.

पसरट भांड्याचा एक तोटा मात्र आहे, आणि तो समजून घ्यायला घरातला भांडी घासायचा नवा, आयताकृती स्पंज घ्यावा. तो पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. पाणी ठिबकून थांबलं की तोच स्पंज हळूच उभा करा. पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच. उंची वाढली म्हणून जास्तीचं पाणी खाली उतरलं. मातीचंही असंच आहे. कुंडी उथळ असो की उंच, निचरा झाल्यावर तळाशी दोन-तीन इंचांचा थर गच्च ओला राहतोच. सहा इंचांच्या कुंडीत तो निम्मा भाग खाऊन टाकतो, सोळा इंचांत त्याचं काही वाटत नाही. दहा इंचांत मधलं काहीतरी होतं, आणि म्हणून मिश्रण जास्त भुसभुशीत ठेवावं लागतं. बुडाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने निचरा सुधारत नाही. तो ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर एक खापर, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरतं, पुरेसं आहे.

मिश्रणाचं सामान गोळा करणं हा मला सगळ्यात आवडलेला भाग. एक भाग पोयटा म्हणजे गाळाची माती, एक भाग गांडूळ खत आणि मुरलेलं कंपोस्ट, एक भाग माती मोकळी ठेवणारं काहीतरी. या तिसऱ्या भागासाठी बरेचजण कोकोपीट घेतात. मी थोडंच घेतलं, तेही दोन-तीनदा धुऊन, कारण त्यात क्षार असू शकतात. मुख्य भर भाताच्या तुसावर दिला. मावळात आणि भोरकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिथे तुसाचे ढीग असतात. तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि माती दोन-तीन वर्षं तरी दबून बसत नाही. काळी माती घातली नाही. ती ओली असताना फुगते, वाळली की भेगाळते, आणि दहा इंचांच्या थरात हे दोन्ही त्रासाचं. शेताला तिचं मोल आहे, कुंडीत नाही.

खनिजांसाठी परदेशातले लोक बेसाल्टची भुकटी विकत घेतात असं वाचलं तेव्हा आनंद झाला, कारण आपण राहतो तेच बेसाल्टवर. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे हाच खडक. पुण्याच्या आसपास खडी क्रशर आहेत, तिथली चाळून उरलेली अगदी बारीक भुकटी घेतली. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सगळं तिच्यात आहे. ते अतिशय सावकाश सुटतं, एका हंगामात फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. शंभर लिटर मिश्रणाला मी दोन-तीन ओंजळी भुकटी, पाव किलो निंबोळी पेंड आणि पाव किलो हाडांचा चुरा घातला. भुईमुगाची पेंड मुद्दाम टाळली. तिच्यात नत्र (नायट्रोजन) जास्त, सुमारे ७ टक्के, निंबोळीत ५ च्या आसपास. पण ती कुजताना तापते, वास सुटतो आणि मुंग्या-उंदरांना आमंत्रण मिळतं. पाचव्या मजल्यावर उंदीर येत नाहीत असं समजू नये.

सगळं गच्चीवरच ताडपत्रीवर खालीवर केलं, मुठीत दाबून गोळा होईल एवढं ओलं केलं आणि गोणपाटाखाली महिनाभर झाकून ठेवलं. सुरुवातीला ढिगात हात घातला की चांगलीच ऊब लागायची. ती ओसरली, पेंडीचा उग्र वास जाऊन पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यायला लागला, तेव्हा बॅगा भरल्या. ही वाट बघणं टाळू नये. मिश्रण तापत असताना रोप लावलं तर मुळं भाजतात.

भरलेल्या बॅगांत लगेच भाजी न लावता आधी चवळी आणि ताग पेरला. मे अखेरीस पेरलं, पावसाने जोर धरला तोवर हिरवंगार झालं, आणि फुलकळी धरायच्या सुमारास बुंध्याशी कापून तिथेच आडवं पसरून दिलं. मुळं उपटली नाहीत. एक रोप मात्र बघण्यासाठी हळूच काढलं. चवळीच्या मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. एक गाठ नखाने फोडली, आत स्वच्छ गुलाबी रंग. तो दिसला की हवेतला नत्र बांधण्याचं काम नीट चाललं आहे असं समजावं. गाठी आतून पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर ते काम सुरू झालेलं नाही किंवा थांबलं आहे. विकतचा माती-तपासणीचा कोणताही अहवाल मला इतका विश्वासाचा वाटत नाही.

आता खत, आणि त्याचा आकाराशी असलेला संबंध. टोमॅटोचं एक टन उत्पादन घेताना पीक जमिनीतून साधारण अडीच-तीन किलो नत्र उचलतं. म्हणजे तीन किलो टोमॅटो देणाऱ्या एका झाडाला आठ-नऊ ग्रॅम. माझ्या ७४ लिटरच्या बॅगेत जवळपास २५ लिटर गांडूळ खत-कंपोस्ट आहे, वजनाने १५ किलो धरू. ओल्या खतात टक्काभर नत्र धरला तर १५० ग्रॅम झाला. तो सगळा एका हंगामात सुटत नाही. जीवाणू आपल्या गतीने सोडतात. चौथा हिस्सा सुटला असं मानलं तरी ३५ ग्रॅमच्या पुढे जातो. टोमॅटोच्या दोन झाडांना पुरून उरेल एवढा. हाच हिशोब दहा लिटरच्या कुंडीला लावा. खत तीन-सव्वातीन लिटर, म्हणजे दोन किलो, नत्र २० ग्रॅम, सुटणारा पाच. एका झाडालाही कमी. मग माणूस वरून पातळ खतं ओतायला लागतो, दर आठवड्याला काहीतरी, आणि मातीतल्या जीवांवर अवलंबून राहण्याचा मूळ विचारच सुटतो. मिश्रण तेच, खत तेच, मेहनतही तीच असते. फरक फक्त लिटरचा.

एप्रिलात तर हा फरक रोज दिसतो. दुपारी साडेतीनच्या सुमारास मी १२ इंची बॅगेत बोट घातलं तर कडेची माती हाताला चटका देण्याइतकी गरम असते, आणि ती कड मधल्या गाभ्यापासून जेमतेम पाच-सहा इंचांवर. २४ इंचीची कडही तितकीच तापते, पण आत फूटभर अंतरावर आच्छादनाखाली माती गार लागते. खताची गांडुळं पस्तिशीच्या वर तापमान गेलं की टिकत नाहीत. मोठ्या बॅगेत ती मधे सरकून बसतात. लहानात सरकायला जागाच नसते. म्हणून उन्हाळ्यानंतर मोठ्या बॅगेत गांडुळं पुन्हा दिसतात आणि लहान कुंडीत दरवेळी नव्याने सोडावी लागतात. बॅगांचा रंगही बघावा. काळ्यापेक्षा पांढऱ्या बऱ्या.

पाण्याचंही तेच. लहान बॅगेला एप्रिल-मे मध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. मोठीला एकदा पाच लिटर नीट मुरवून दिले की एक दिवसाआड भागतं. मला पाण्याचा अंदाज भोरच्या आत्याने शिकवला. ती गच्चीवर आली, आच्छादन बाजूला सारून तीन बोटं खोल माती काढली, मूठ वळली आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकली. लाडू पडून फुटला. "अगं, नुसतं ओलं असून भागत नाही. वाफसा पाहिजे. हा बघ, वळतोय पण फुटतोय. चिकटून बसला असता तर आज पाणी द्यायचं नव्हतं." मी अजूनही तेच करते. वाफशावर असलेल्या मातीत पाणीही असतं आणि हवाही, आणि जीवाणूंना दोन्ही लागतात. माती एकदा खडखडीत वाळली की कंपोस्ट पाणी धरेनासं होतं. ओतलेलं पाणी कडेने खाली निघून जातं आणि गाभा कोरडाच राहतो.

टोमॅटोच्या फळाला बुडाशी काळा खड्डा पडतो, तेव्हा लोक अंड्याची टरफलं कुस्करून घालतात. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतोच. तो पाण्याबरोबर फळापर्यंत पोचतो, आणि पाणी कधी भरपूर, कधी काहीच नाही असं झालं की पुरवठा तुटतो. आमच्याकडे १५ इंची बॅगेतल्या झाडांवर हा डाग दिसायचा. त्याच रोपवाटिकेतून आणलेली, त्याच दिवशी मोठ्या बॅगेत लावलेली झाडं स्वच्छ राहिली. वेगळं काही घातलं नव्हतं.

मोठ्या बॅगेला मी प्रत्यक्षात जे देते ते ऐकून अनेकांना फारच कमी वाटतं. रोप लावताना काही नाही. फुलं धरायला लागली की आच्छादन बाजूला करून दोन लिटर गांडूळ खत आणि मूठभर, साधारण ५० ग्रॅम, निंबोळी पेंड वर पसरते, खुरपं न लावता बोटांनी वरच्या थरात मिसळते, पाणी देते आणि आच्छादन परत ओढते. टोमॅटो-वांग्याला पहिला तोडा झाल्यावर हेच पुन्हा एकदा. मिरचीला बहुतेक गरज पडत नाही. चवळी, वाल, घेवडा यांना पेंड अजिबात नाही. पालक-मेथी आधीच्या पिकाच्या उरलेल्यावर येतात. हंगाम संपला की झाड बुंध्याशी कापायचं, मुळं आतच कुजू द्यायची, वर पाच लिटर कंपोस्ट आणि मग पुढचं रोप जुन्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर. दरवर्षी माती उपसून, उन्हात वाळवून, नव्याने भरायची पद्धत मी पूर्ण सोडून दिली आहे. बुरशांचं जाळं, मुळांनी पाडलेल्या वाटा, गांडुळांची बिळं हे सगळं त्या उपशात मोडतं, आणि तेच तर आपण वर्षभर जोपासलेलं असतं.

आच्छादन हे मी खतातच धरते. पुण्यात कोरड्या पानांना तोटा नाही. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत त्यांना आणि ज्यांना हवी आहेत त्यांना जोडून देणारी 'ब्राउन लीफ' ही चळवळही इथलीच. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं मला सगळ्यात आवडतात; गच्च बसत नाहीत आणि लवकर मुरतात. दुसरं म्हणजे उसाची चिपाडं. रसवंतीवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, "न्या की ताई, रोज एक पोतं न्या." मुंबईत डॉ. रमेश दोशींनी शहरी शेती उभी केली ती मुख्यतः याच चिपाडांवर, आणि त्यांच्या व कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या विचारांतून पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघराच्याच ओल्या कचऱ्यातून बाग फुलली. चिपाडांची एकच काळजी: ती वरच राहू द्यावीत. चिपाडांत कर्ब (कार्बन) खूप आणि नत्र नगण्य. मातीत मिसळली की ती कुजवण्यासाठी जीवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि महिना-दोन महिने झाड पिवळं पडून बसतं. वर पसरली की ही ओढाताण वरच्या पातळ थरापुरती राहते. तुकडे बोटभर लांबीचे करावेत आणि गोडसर वास जाईपर्यंत दोन दिवस उन्हात टाकावेत, नाहीतर मुंग्या लागतात.

जीवामृताबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे एका एकराला सांगितलं आहे. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला ५० मिलिलिटर. माझ्या २४ इंची बॅगेचं तोंड ०.२९ चौरस मीटर, तिच्या वाट्याला येतात जेमतेम १५ मिलिलिटर. एक मोठा चमचा! गच्चीवर मात्र कुंडीला लिटर-लिटर ओतलं जातं. मी दहा लिटरच्या बादलीत अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर-शंभर ग्रॅम गूळ आणि बेसन घेते, सावलीत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळते आणि दहापट पाणी घालून बॅगेला पेलाभर देते. महिन्यातून एकदा, आणि उन्हाळा संपता संपता आवर्जून, कारण तेव्हा मातीतली जीवसंख्या घटलेली असते. झाडाचं पोट भरायला त्यावर विसंबू नये. तयार झालेलं जीवामृत आठवड्याच्या आत संपवावं.

एक गोष्ट खताची वाटते पण नसते. आमच्याकडे मार्चपासून टँकरचं पाणी येतं, बोअरचं, जड. त्या दिवसांत कढीपत्त्याची कोवळी पानं फिक्कट पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडतात. इथे उलट, शेंड्याकडून सुरुवात. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. लोह मातीत असतं, पण जड पाण्यातल्या चुन्याने मातीचा सामू (पीएच) चढतो आणि मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी पेंड घालून काहीच होत नाही आणि राख घातली तर आणखी बिघडतं, कारण राखही सामू चढवते. मी दोन गोष्टी करते. राख फक्त पावसाळ्यात आणि चिमूटभर. आणि उन्हाळ्यात आंबट ताक भरपूर पाण्यात घालून कढीपत्त्याच्या बुंध्याशी, जे आमची आजी करायची. पाऊस लागला की पानं आपोआप हिरवी होतात. त्यासाठी गच्चीच्या पन्हळीखाली एक निळं ड्रम ठेवलं आहे. ते पाणी फक्त कढीपत्ता आणि लिंबाला. ड्रम घेताना त्यात आधी काय भरलेलं होतं ते विचारून, खाद्यपदार्थांचंच घ्यावं.

पावसाळ्यात सुटलेला नत्र पाण्याबरोबर खाली वाहून जातो. म्हणून जून ते ऑगस्ट मी वरखत जवळपास देत नाही. दिलं तर ते गच्चीच्या नाल्यात जाणार. आच्छादन जाड ठेवते आणि बॅग मोकळी राहू देत नाही, चवळी नाहीतर लाल माठ काहीतरी उभं असतंच, जे सुटलेलं अन्न उचलून धरतं. खतांची खरी वेळ गणपती झाल्यावर. ऊन परत येतं, मातीत ओल असते, तापमान मध्यम, आणि जीवाणूंचं काम जोरात चालतं. रब्बीची सगळी लावणी मी त्या आठवड्यांत उरकते.

ज्यांच्याकडे गच्ची नाही, फक्त खिडकीतला कट्टा आहे, त्यांना मी जिवंत मातीचा आग्रह करत नाही. आठ-दहा लिटरच्या कुंडीत कोथिंबीर, मेथी, पुदिना, ओवा लावावा, दर पंधरा दिवसांनी गांडूळ खताचं निवळलेलं पाणी द्यावं आणि वर्षातून एकदा मिश्रण बदलावं. टोमॅटोसाठी किमान ४० लिटर, वांगं आणि मिरची ३० लिटरमध्ये निभावतात, दुधी-दोडक्याला ७० च्या खाली जाऊ नये. जागा लहान असेल तर चार छोट्या कुंड्यांच्या ऐवजी एकच लांब खोका घेता येतो का ते बघावं. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि फूटभर खोल खोका दोन इंच रिकामा सोडला तरी ८५ ते ९० लिटर धरतो, आणि त्यात दोन मिरच्या, मधे झेंडू, कडेला कोथिंबीर अशी सोबत छान जमते. फक्त बाल्कनीच्या कठड्यावर तो टांगू नका. भिजल्यावर त्याचं वजन ९० किलोंच्या घरात जातं. खाली फरशीवर, भिंतीला लागून, चार विटांवर ठेवा.